मार खाणाऱ्या माणसाची चित्रकथा

चित्रांची गोष्ट आणि मारामारीची गोष्ट, या दोहोंनाही आपल्या साहित्यव्यवहारात फारशी प्रतिष्ठा नाही. चित्रांची गोष्ट मुलांसाठी आणि मारामारीची गोष्ट रिकामटेकड्यांसाठी, अशी आपण मनाशी वाटणी करून टाकलेली आहे. तेव्हा मारामारीचीच चित्रकथा, आणि तीही प्रौढ वाचकांसाठी, असे कोणी म्हटले तर मराठीच्या तासाला हशाच पिकावयाचा. परंतु जपानमध्ये असे वाङ्मय गेली साठ वर्षे लिहिले जात आहे, काढले जात आहे आणि जाणत्या माणसांकडून वाचले जात आहे. त्याला तिकडे 'मांगा' म्हणतात. आपल्यापैकी काही विद्यार्थी हल्ली ते मोबाइलवर इंग्रजी भाषांतरातून वाचतात आणि वडीलधारे दिसले की मोबाइल पालथा घालतात. या लेखाचे म्हणणे असे की मोबाइल पालथा घालण्याचे कारण नाही. उलट, ज्या मुलखात आपण राहतो त्या चंद्रपूर-गडचिरोलीला अशा चित्रकथेची गरज इतरांपेक्षा अधिक आहे.

आधी आपल्याकडची चित्रकथा कशी होती ते पाहू. १९६४ साली इंद्रजाल कॉमिक्स निघाले आणि ते मराठीतही येऊ लागले. १९६७ पासून अनंत पै यांच्या संपादनाखाली अमर चित्र कथा निघू लागली. आपल्या आईवडिलांच्या पिढीने या दोन झऱ्यांचे पाणी पोटभर प्यालेले आहे, आणि त्याबद्दल कृतघ्न होण्याचे कारण नाही. पण या चित्रकथांतील मारामारी कशी असे ते आठवून पाहावे. वेताळ एक ठोसा लगावतो, गुंड आडवा होतो, त्याच्या जबड्यावर कवटीचा ठसा उमटतो आणि पुढच्या चौकटीत तो दोरीने बांधलेला दिसतो. वेताळाच्या बोटांना काही होत नाही. गुंडाचा दात पडला की जबडा मोडला, तो पुढे जेवू शकला की नाही, हे कोणी विचारीत नाही. अमर चित्र कथेत बाणांचा पाऊस पडतो, हत्ती कोसळतात, मुकुट उडतात. मात्र रणांगणावर पडलेला साधा शिपाई कोणाचा कोण होता, हे कळत नाही. मुलांसाठी काढलेल्या पुस्तकात हे क्षम्य आहे. तक्रार इतकीच की मूल मोठे झाले तरी त्याला चित्रांतून दुसरी मारामारी कधी दाखविली गेली नाही. वेताळावरून तो थेट हिंदी सिनेमावर गेला आणि तिथेही त्याला तोच ठोसा भेटला, फक्त आवाजासकट.

वेताळाच्या बाबतीत आपल्याला आणखी एक गोष्ट खटकली पाहिजे. त्याचे राज्य जंगलात. तिथले वनवासी त्याला चारशे वर्षे न मेलेला मानतात, त्याच्या शब्दाबाहेर जात नाहीत, आणि तो असतो मुखवटा घातलेला गोरा माणूस. जंगलाचे भांडण मिटवायला बाहेरचा कोणी लागतो आणि त्याने एक ठोसा मारला की न्याय होतो, ही कल्पना मुंबईच्या मुलाला गंमत वाटली असेल. मोहफूल, तेंदूपाने आणि बांबू यांच्यावर ज्यांची घरे चालतात त्यांना ठाऊक आहे की जंगलातील भांडणे अशी मिटत नसतात. धानोरा तालुक्यातील मेंढा या गावाला आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क २००९ साली मिळाला, तो अनेक वर्षे बसून, बोलून, कागद जमवून. तिथे कोणी ठोसा मारला नव्हता.

आता जपानकडे वळू. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दारिद्र्यात तिकडे पुस्तके भाड्याने देणारी दुकाने गल्लोगल्ली होती. आपल्याकडे रहस्यकथा जशा भाड्याने नेल्या जात, तशा तिथे कामगार आणि कारखान्यातली पोरे चित्रकथा नेत. या वाचकाला गोंडस प्राण्यांच्या गोष्टी पुरेना. १९५७ साली तात्सुमी योशिहिरो या तरुण चित्रकाराने आपल्या कथांसाठी 'गेकिगा', म्हणजे नाट्यमय चित्रे, असा वेगळा शब्द योजला. मुलांच्या चित्रकथेहून आपली वाट निराळी आहे, हे त्याला सांगावयाचे होते.

याच वाटेवरचा मोठा माणूस म्हणजे शिराटो सानपेई. त्याचे वडील डाव्या विचारांचे चित्रकार होते. १९६४ साली 'गारो' नावाचे मासिक निघाले ते मुख्यतः शिराटोची 'कामुई-देन' ही दीर्घ चित्रकथा छापण्यासाठी, आणि ती १९७१ पर्यंत चालली. वरवर पाहता ही निंजांची, तलवारींची गोष्ट. पण तिचा नायक कामुई हा 'हिनिन' जातीत जन्मलेला आहे. 'हिनिन' याचा अर्थच 'माणूस नव्हे' असा. मेलेली जनावरे ओढणे, गुन्हेगारांच्या शिक्षेची कामे करणे हे या लोकांच्या माथी मारलेले असे. कामुई लढावयास शिकतो तो या जन्मातून सुटण्यासाठी. त्याच्या बरोबरीने शेतकऱ्यांचे बंड, सारा, दुष्काळ, वरच्या थरांनी शेतकरी आणि हिनिन यांना एकमेकांविरुद्ध झुंजविणे, हे सारे या कथेत येते. जपानी विद्यापीठांतून विद्यार्थी चळवळ पेटलेली असताना तिथली मुले ही चित्रकथा हातात घेऊन फिरत. लक्षात घ्या, आपल्याकडे बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ सालचा आणि नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ सालचा. दोन्ही देशांत जवळजवळ त्याच वर्षांत एकच प्रश्न विचारला जात होता: जन्माने ज्याला मार खाण्याच्या जागी उभे केले आहे त्याने काय करावे? आपण तो शब्दांत विचारला, त्यांनी चित्रांतही विचारला.

पुढची दोन उदाहरणे अलीकडची आहेत. मोरी कोजी याची 'होलीलँड' ही चित्रकथा २००० ते २००८ या काळात तरुण-प्रौढ पुरुषांसाठीच्या एका नियतकालिकात क्रमशः आली. तिचा नायक शाळेत छळला गेलेला, घरात कोंडून घेतलेला, जीव द्यायला निघालेला मुलगा. त्याला ना गुरू ना आखाडा. एका पुस्तकात मुष्टियुद्धाचा सरळ ठोसा कसा मारावा ते दिले आहे, तेवढे तो एकटा खोलीत हजारो वेळा करतो. मग रात्रीच्या रस्त्यावर तो ठोसा उपयोगी पडतो आणि त्याचे नाव होते. कथा इथे संपली असती तर ती वेताळाचीच गोष्ट झाली असती. पण इथून ती सुरू होते. नाव झाले म्हणून त्याला शोधीत येणारे वाढतात, त्याच्यामुळे त्याच्या मित्राला मार खावा लागतो, आणि त्याचे हात थरथरतात ते थांबत नाहीत. लेखक मधूनमधून स्वतः निवेदनात येऊन सांगतो की तालमीत गादीवर पडणे निराळे आणि डांबरी रस्त्यावर पडणे निराळे. रस्त्यावर कोणी नीट उचलून आपटले तर माणूस कायमचा जायबंदी होऊ शकतो. ही माहिती वाचताना हात शिवशिवत नाहीत, उलट पोटात गोळा येतो.

दुसरे उदाहरण इनोउए ताकेहिको याच्या 'व्हॅगाबाँड'चे. १९९८ साली सुरू झालेली ही चित्रकथा योशिकावा एइजी यांच्या मुसाशी या प्रख्यात तलवारबाजावरील कादंबरीवर आधारलेली आहे. ती कादंबरी १९३५ ते १९३९ मध्ये वृत्तपत्रात क्रमशः आली होती. चित्रकथेतील मुसाशी एका संपूर्ण तलवार-शाळेच्या सत्तर माणसांशी एकटा लढतो आणि जगतो. इथे आपला चित्रपट असता तर शिट्ट्या वाजल्या असत्या. पण लढाईनंतर त्याच्या पायाची अशी अवस्था झालेली असते की पुन्हा नीट चालता येईल की नाही याचीच शंका. मेलेल्या सत्तरांची ओझी त्याच्या मनावर बसतात. पुढे तो एका उजाड गावात जातो आणि कितीतरी प्रकरणे जमीन कसण्यात घालवितो. पीक येत नाही, उपासमार होते, भाताचे रोप कसे लावावे हे त्याला म्हाताऱ्या शेतकऱ्यापुढे वाकून शिकावे लागते. तलवारीने जो कोणापुढे वाकला नाही तो चिखलात वाकतो. धानाच्या मुलखात वाढलेल्या वाचकाला ती पाने समजावून सांगण्याची गरज नाही.

या उदाहरणांवरून खऱ्या मारामारीच्या चित्रकथेची तीन लक्षणे सांगता येतील. पहिले लक्षण शरीराचे. यातली माणसे हाडामांसाची असतात. ठोसा मारणाऱ्याच्याही हाताची हाडे मोडतात, धाप लागते, भीतीने तोंड कोरडे पडते. दुसरे लक्षण शिकण्याचे. कौशल्य आकाशातून पडत नाही, ते रोज सकाळी उठून मिळवावे लागते, आणि तेही पुरे पडेलच याची हमी नसते. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे लक्षण हिशेबाचे. प्रत्येक फटक्याची किंमत कोणी तरी मोजतो आणि लेखक ती मोजलेली दाखवितो. रक्त किती सांडले यावरून कथा प्रौढ ठरत नाही. त्या रक्ताचा हिशेब ठेवला की नाही, यावर ती ठरते.

या प्रकारातील सारेच उत्तम आहे असे म्हणण्याचा हेतू नाही. 'प्रौढांसाठी' हा शिक्का मारून निव्वळ कत्तल आणि स्त्रियांची विटंबना विकणाऱ्या चित्रकथाही तिकडे ढिगाने आहेत. 'बाकी' नावाच्या लोकप्रिय मालिकेत नायक माणसाएवढ्या काल्पनिक कीटकाशी झुंजून सराव करतो. ते पाहून हसू येते, आणि बहुधा लेखकालाही ते यावे असेच वाटत असावे. चांगले-वाईट निवडण्याची जबाबदारी इथेही वाचकावरच आहे. पण वाईट कादंबऱ्या निघतात म्हणून आपण कादंबरी हा प्रकार अभ्यासक्रमातून काढून टाकीत नाही.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप असा की हे परकीय आहे. आपल्या संस्कृतीत हातघाईला असे स्थान नाही. हा आक्षेप घेणाऱ्यांनी महाराष्ट्रातील आखाडे विसरून चालणार नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले आणि त्याच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिकडे जाऊन भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखविली. त्याच वर्षापासून बडोद्याहून 'व्यायाम ज्ञानकोश' निघू लागला. दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी संपादिलेला हा कोश दहा खंडांत पुरा झाला. कुस्तीचे डाव, मल्लखांब, लाठी, पट्टा यांची कृती शब्दांत आणि चित्रांत उलगडून सांगावी, ही धडपड मराठीत इतकी जुनी आहे. हात कुठे धरावा, पाय कुठे घालावा, वजन कुठे टाकावे हे मराठीला चित्रासह सांगता येत होते. तिला न जमलेली गोष्ट एकच: त्या चित्रातल्या माणसाला नाव, घर आणि काळजी देणे.

एक उदाहरण घ्या. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी पैसे जमविताना त्यांच्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले, हे सर्वांना माहीत आहे. लाल मातीत वाढलेला मल्ल गादीवर उतरतो, परक्या नियमांशी झगडतो, दोन कुस्त्यांमध्ये पुरती विश्रांतीही मिळत नाही, आणि पदक घेऊन परत आल्यावर पोलीस खात्यात नोकरी करीत जगतो. १९८४ साली रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी. ही कथा पुतळ्याच्या शैलीत सांगितली तर दोन पानांत संपते. जपानी पद्धतीने सांगितली तर एका पकडीला दहा पाने लागतील, आणि त्या दहा पानांत वाचकाला कळेल की तीन मिनिटांची झोंबी म्हणजे काय असते.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. मारामारीची चित्रे पाहून तरुण बिघडतात, हिंसेला उत्तेजन मिळते. या भीतीला जुना इतिहास आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकावर इंग्रज सरकारने १९१० साली बंदी घातली ती याच भीतीपोटी. रंगभूमीवरचा वध प्रेक्षागृहातून बाहेर पडेल असे सरकारला वाटले. मला असे वाटते की तरुणाला बिघडविते ती किंमत नसलेली मारामारी. एक ठोसा, दहा माणसे आडवी, नायकाचा भांगही विस्कटलेला नाही, हे पाहून पोरगा समजतो की मारणे सोपे असते. ज्याने चित्रात का होईना, मोडलेल्या बोटांनी शर्टाची बटणे लावता न येणारा माणूस पाहिला आहे, तो हात उगारण्याआधी क्षणभर थांबेल. सगळे थांबतील असे मी म्हणत नाही. पण थांबण्यासाठी लागणारे ज्ञान पहिल्या प्रकारात मुळीच नाही, दुसऱ्यात आहे.

आणि आता आपल्या मुलखाबद्दल. १९८०च्या सुमारास या जंगलात सशस्त्र चळवळ आली आणि त्यानंतरच्या चार दशकांत गडचिरोलीचे नाव बाहेरच्या जगाने बहुतेक वेळा मृतांच्या आकड्यांबरोबरच वाचले. पोलीस मेले, जंगलात गेलेली पोरे-पोरी मेल्या, आणि खबऱ्या ठरवून किंवा मधे सापडून गावकरी मेले. आपल्या वर्गाच्या एकाच बाकावर पोलीस शिपायाचा भाऊ आणि जंगलात गेलेल्या कोणाचा गाववाला शेजारी-शेजारी बसलेला असू शकतो. ते एकमेकांचे प्रॅक्टिकलचे कागद उतरवून घेतात, एका डब्यात जेवतात, आणि त्या विषयावर बोलत नाहीत. पहाटे गडचिरोलीच्या रस्त्यांवर पोलीस भरतीसाठी धावण्याचा सराव करणारी मुले-मुली दिसतात. त्यांच्या दृष्टीने दमलेले शरीर म्हणजे पोटापाण्याचा प्रश्न आहे. अशा मुलखात हिंसा हा विषय अभिरुचीचा उरत नाही. ज्यांनी ती पाहिली आहे त्यांच्यापुढे तिचे खोटे चित्र ठेवणे हे असभ्यपणाचे आहे. आणि चित्रच न ठेवणे म्हणजे त्यांना गप्प बसायला सांगणे आहे.

या मुलखातील ज्या लढवय्याचे नाव आपण अभिमानाने घेतो, त्या बाबुराव पुलेश्वर शेडमाके यांचे काय केले आहे आपण? मोलमपल्लीच्या जमिनदार घराण्यातील हा तरुण. जन्म १८३३चा. १८५८च्या मार्च महिन्यात त्यांनी राजगड परगणा ताब्यात घेतला. १३ मार्चला नांदगाव-घोसरीजवळ चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याच्या फौजेशी त्यांची गाठ पडली. आडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. एप्रिल अखेरीस प्राणहितेकाठी चिंचगुंडी येथे तारखात्याच्या छावणीवर हल्ला झाला. गार्टलंड आणि हॉल हे दोघे मारले गेले आणि पीटर निसटला. पुढे इंग्रजांच्या दडपणाखाली अहेरीच्या जमिनदारीण लक्ष्मीबाई यांनी बाबुरावांना पकडवून दिले, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. वय अवघे पंचवीस. पदवीच्या वर्गात बसणाऱ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे.

लोककथा सांगते की त्यांच्या अंगी दैवी शक्ती होती आणि फास त्यांच्या गळ्यात टिकत नव्हता. लोकांनी आपल्या माणसावर प्रेमाने घातलेला हा अलंकार आहे, त्याला हात लावण्याचा हेतू नाही. पण प्रौढ वाचकाची चित्रकथा दुसरीकडून आत शिरेल. ती विचारील, घोसरीच्या लढाईच्या आदल्या रात्री भरमार बंदुकीत दारू ठासताना त्या पोरांचे हात कसे होते? ज्यांनी गोंड आणि रोहिले यांची फौज उभी केली, त्यांना धान्य कोणी पुरविले आणि मागाहून त्या गावांचे काय झाले? चिंचगुंडीला मेलेले दोघे तारखात्याचे नोकर होते. त्यांच्यावर घाव घालणाऱ्याने त्यांचा चेहरा पाहिला का? आणि लक्ष्मीबाई? त्यांना खलनायिका ठरवून एका चौकटीत संपविणे सोपे आहे. क्रिक्टनचा निरोप आलेला, नकार दिला तर आपली जमिनदारी जाणार, होकार दिला तर आपल्याच रक्ताचा माणूस जाणार, अशा बाईच्या वाड्यात चित्रकाराने वीस पाने थांबावे. तिचे समर्थन करण्यासाठी थांबावे असे नाही. चार दशके या मुलखातील कितीतरी गावांना रात्री दोन्ही बाजूंची माणसे येऊन असेच प्रश्न विचारीत होती, म्हणून थांबावे. त्या गावांना ती वीस पाने कळतील.

चित्रे काढणार कोण, असे विचाराल. २०११ साली 'भीमायन' हे डॉ. आंबेडकरांच्या जीवनावरील चित्रपुस्तक प्रसिद्ध झाले. त्यातील चित्रे मध्य प्रदेशातील परधान गोंड कलावंत दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची आहेत. त्यांनी पाने चौकटीत कोंडलीच नाहीत. सौम्य बोलणाऱ्याचे शब्द त्यांनी पक्ष्याच्या आकारात घातले आणि विषारी बोलणाऱ्याच्या शब्दांना विंचवाची नांगी लावली. पाणी नाकारल्या गेलेल्या माणसाची तहान त्या पानांवर दिसते. त्यांची शैली वेगळ्या प्रांताची आहे आणि ती उचलून आणणे योग्य होणार नाही. परंतु जपानी रेषेची नक्कल न करताही प्रौढांची चित्रकथा होते, एवढे त्यांनी सिद्ध करून ठेवले आहे. आपल्याकडेही लाकूड कोरणारे, भिंती रंगविणारे, नाटकांचे पडदे रंगविणारे हात आहेत.

नाटकाचे नाव निघाले म्हणून सांगतो. झाडीपट्टीच्या रंगभूमीने हा प्रश्न आपल्यापुरता कधीच सोडविला आहे. दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने गावोगाव रात्रभर नाटके होतात, वडशाच्या मंडळ्या एका गावाहून दुसऱ्या गावाला जातात, आणि शेतकरी, मजूर, म्हाताऱ्या बाया पहाटेपर्यंत बसून राहतात. या रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. हा प्रेक्षक मारामारीला टाळ्या देतो हे खरे. पण मार खाल्लेल्याची आई रंगमंचावर आली की तोच प्रेक्षक डोळ्यांना पदर लावतो. फटका आणि त्याची किंमत, दोन्ही पाहण्याची सवय त्याला आहे. चित्रकथेच्या वाचकासाठी आपल्याला दूर जाण्याची गरज नाही.

तेव्हा प्राध्यापक मंडळींना आणि विद्यार्थिमित्रांना माझी सूचना अगदी लहान आहे. आपल्या ग्रंथालयाने 'भीमायन' आणि निवडक जपानी चित्रकथांची भाषांतरे घ्यावीत आणि ती बालविभागात ठेवू नयेत. आपल्या वार्षिकांकात कविता, कथा, लेख यांच्याबरोबर पुढील वर्षापासून आठ पाने चित्रकथेला द्यावीत. इतिहासाच्या एका विद्यार्थ्याने पुरावे पाहावेत, मराठीच्या एकाने संवाद लिहावेत, आखाड्यात जाणाऱ्या एकाने पकड बरोबर आहे की नाही ते सांगावे, आणि ज्याच्या वहीच्या समासात चित्रे सापडतात त्याने ती काढावीत. माडिया आणि गोंडी बोलणारे मित्र वर्गात आहेत. संवाद त्यांच्या भाषेतही यावेत. विषय शेडमाक्यांचाच हवा असे नाही. भरतीत शेवटच्या शंभर मीटरला पडलेली मुलगी चालेल, गावच्या दंगलीत चीतपट झालेला पैलवान चालेल. अट एकच असावी. ज्याने फटका मारला त्याच्याइतकाच, ज्याला तो लागला त्याचा चेहराही काढला पाहिजे.